हरवलेल्या क्रमांकाचा शोध

उज्जैनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर देवास गेटचा परिसर लागतो. माळव्यातील गावोगावी जाणाऱ्या मोटारींचा हा जुना तळ होय. महाकाळाच्या दर्शनास आलेला यात्रेकरू येथे उतरतो आणि परतीची गाडीही बहुधा येथेच शोधतो. मोटारींचा तळ जेथे असावयाचा तेथे मोटारींचे वैद्यही असावयाचेच. अशा एका मिस्त्रीच्या दारात एखादी जुनी फौजी गाडी येऊन उभी राहिली आहे, असे श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

गाडी निसानची ‘वन-टन’. जबलपूरला तयार झालेली, सैन्यातील नोकरी संपवून लिलावात निघालेली आणि आता एका मंडप कंत्राटदाराच्या पदरी बांबू, कनाती व मोठमोठी पातेली वाहणारी. सैन्याचा हिरवा रंग खासगी वाहनास कायद्यानेच वर्ज्य असल्यामुळे तिने आता पिवळा अंगरखा घातला आहे. दोन दिवसांनी तिला ओंकारेश्वरास लग्नाचे सामान पोहोचवावयाचे आहे. म्हणजे इंदूर ओलांडून भेरूघाट उतरणे आले. आणि नेमके तिच्या पुढच्या उजव्या चाकातून ब्रेकचे तेल गळते आहे.

मिस्त्री चाक उतरवितो. आतला व्हील सिलिंडर गंजून गेलेला आहे. मालक सुट्या भागांच्या दुकानात जाऊन म्हणतो, “निसानच्या फौजी गाडीचा व्हील सिलिंडर द्या.” दुकानदार विचारतो, “नंबर काय?” येथे गाडे अडते. मालकाला गाडीचा नंबर पाठ असतो, चेसिसचा नंबर कागदावर असतो. परंतु भागाचा क्रमांक त्याला कोणी कधी सांगितलेलाच नसतो. सैन्याच्या लिलावात गाडी मिळते, तिची पोथी मिळत नाही. कोणत्या जागी कोणता भाग बसतो, त्याचे चित्र कोणते व क्रमांक कोणता, हे सारे ज्या सूचीत छापलेले असते ती सूची युनिटच्या कपाटातच राहून जाते.

ही अडचण आजची नव्हे. 1945 साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा दोस्त सैन्याच्या हजारो मोटारी भारतात उरल्या होत्या. त्या ‘डिस्पोजल’मध्ये विकल्या गेल्या, त्यांच्यावर लाकडी सांगाडे चढले आणि त्यांतल्या कित्येकांच्या बसगाड्या व मालमोटारी झाल्या. अमेरिकन जीप होती, जी.एम.सी.ची अडीच टनी मालमोटार होती, कॅनडाहून आलेल्या बसक्या नाकाच्या फोर्ड आणि शेव्हरोले होत्या. या कॅनेडियन गाड्यांची नावे पाहिली तरी क्रमांक वाचण्याची गोडी लागावी. ‘एफ 15’ म्हणजे फोर्डची पंधरा हंड्रेडवेट वजन वाहणारी. ‘सी 60 एल’ म्हणजे शेव्हरोलेची साठ हंड्रेडवेटची, अर्थात तीन टनी, लांब बांध्याची. नाव नव्हेच ते, अर्धी ओळखपत्रिका होय.

फोर्ड कंपनीची पद्धत तर याहून सरस. तिच्या भागाच्या क्रमांकाचे तीन तुकडे असतात. पहिला तुकडा हा भाग प्रथम कोणत्या गाडीसाठी घडविला ते सांगतो. मधला आकडा तो भाग कोणता ते सांगतो. शेवटचे अक्षर त्याच्यात पुढे झालेली सुधारणा सांगते. मधला आकडा 8501 असला की तो पाण्याचा पंप, 2140 असला की ब्रेकचा मास्टर सिलिंडर, मग गाडी कोणतीही असो. युद्धकाळात जीप दोन कंपन्या बनवीत होत्या, विलीज आणि फोर्ड. त्यांचे भाग परस्परांस बसत. पण विलीजचे आकडे एका चालीचे आणि फोर्डचे दुसऱ्या. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या माथ्यावरदेखील ‘एफ’ हे अक्षर कोरले. आज जुन्या जीपचे हौशी लोक त्या एका अक्षरासाठी भंगाराचे ढीग उपसतात. त्यांच्या हौसेला हसू नये, कारण जुने क्रमांक आज जे काही जिवंत आहेत त्यांतले बरेचसे या मंडळींनी जपलेले आहेत.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने पुढे स्वतःच्या गाड्या घडविल्या. 1959 साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ मालमोटारीची जुळणी सुरू झाली. निसानच्या सहकार्याने वन-टन आणि ‘जोंगा’ आल्या. जोंगा हे नावही जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरेज या शब्दांची आद्याक्षरे जोडून झालेले. 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या साऱ्यांचे उत्पादन थांबले. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. सैन्याने काढून टाकल्या आणि जनतेने उचलल्या. कोणाची क्रेन झाली, कोणी लाकूड ओढू लागला.

आता त्या गळक्या सिलिंडरकडे वळू. आपल्याकडे पूर्वी मुलीला माहेरचे एक नाव असे आणि सासरी गेल्यावर दुसरे. सुट्या भागाचेही असेच आहे. किंबहुना त्याला तीन नावे असतात. ज्या कारखान्याने तो घडविला त्याचा एक क्रमांक. ज्या मोटार कंपनीने तो आपल्या गाडीत बसविला तिचा दुसरा. आणि सैन्याने भांडारात ठेवताना दिलेला तिसरा. वस्तू एकच. माहेरचे नाव ठाऊक असणाऱ्याला सासरचे ठाऊक नसते, आणि म्हणून एकाच गावातल्या दोन दुकानांत एक ‘आहे’ म्हणतो व दुसरा ‘नाही’.

सैन्याचा तिसरा क्रमांक रूक्ष दिसतो, पण उपयोगी तोच अधिक. नाटो राष्ट्रांनी वापरलेली आणि पुढे इतर अनेक देशांनी, भारतानेही, स्वीकारलेली तेरा अंकांची पद्धत आहे. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग दाखवितात. 2530 म्हटले की ब्रेक, स्टिअरिंग, आस, चाके. 2910 म्हटले की इंजिनाच्या इंधनव्यवस्थेचे भाग. 3110 म्हटले की बेअरिंगे. पुढचे दोन अंक देशाचे, भारताचे 72. मात्र हा देश वस्तू घडविणारा नव्हे, तिची नोंद प्रथम करणारा, हे ध्यानात ठेवावयास हवे. उरलेले सात अंक निव्वळ अनुक्रमाचे, त्यांत अर्थ शोधू नये. 1974 पर्यंत अमेरिकन भागांवर अकराच अंक असत, देशाचे दोन अंक त्यात नसत; जुन्या डब्यावर अकरा अंक दिसले तर दोन पुसले गेले असे समजण्याचे कारण नाही. या पद्धतीची खरी किंमत अशी की एका क्रमांकाखाली, तीच वस्तू करणाऱ्या निरनिराळ्या कारखान्यांचे क्रमांक नोंदलेले असतात. एक नाव हाती आले की बाकीची नावे निघतात.

काही क्रमांक गाडीचे नसतातच. बेअरिंगच्या कडेवर 6306 कोरलेले असले तर शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणावे. आतले भोक तीस मिलिमीटरचे. हे बेअरिंग शक्तिमानचे आहे की पिठाच्या गिरणीचे, हे त्या आकड्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. डिझेल पंपाच्या पाटीवरची बॉशची अक्षरे तर एखाद्या वाक्यासारखी वाचता येतात: ‘पीईएस 6 ए 85’ असे असले तर सहा सिलिंडरांचा, ‘ए’ मापाचा, साडेआठ मिलिमीटर प्लंजरचा पंप. असले भाग ‘फौजी’ म्हणून चढ्या भावाने विकत घेणारा मालक नाहक पैसे घालवितो.

व्हील सिलिंडरचे मात्र तसे नाही, आणि फसगत होते ती येथेच. मालकाने तो गंजलेला तुकडा रॉकेलने धुऊन तारेच्या ब्रशने घासला की त्यावर ठसठशीत उठावाचा एक आकडा दिसू लागतो. त्याला वाटते, सापडला! तो आकडा घेऊन तो दुकानात जातो, तोच आकडा असलेला नवा सिलिंडर आणतो, बोल्टांची भोके जुळतात, सिलिंडर बसतो. परंतु उठावाचा आकडा हा बहुतेक वेळा भागाचा नसून ओतकामाचा असतो. लोखंडाचा एकच साचा. त्यातून निघालेल्या ओतीवाला एकदा एक इंचाचे भोक पाडले की एक भाग, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचे पाडले की दुसरा. बाहेरून दोघे जुळे भाऊ.

भोकातला फरक केवळ दोन सुतांहूनही कमी. पण तेलाचा दाब क्षेत्रफळावर काम करतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. म्हणजे मोठ्या भोकाच्या सिलिंडरचा जोर सव्वापटीहून थोडा अधिक होतो. डाव्या चाकात एक इंचाचा आणि उजव्यात हा, अशी गाडी सपाट रस्त्यावर देवास गेटपासून स्थानकापर्यंत नेऊन पाहिली तर काहीही कळावयाचे नाही. भेरूघाटाच्या वळणावर, पाठीवर दोन टन पातेली आणि त्यांच्यावर चार मजूर बसलेले असताना ब्रेक दाबला की ती उजवीकडे ओढ घेईल, आणि समोरून येणारी वाहने त्याच बाजूने येत असतात.

म्हणून जाणता मिस्त्री उठावाच्या आकड्याने हुरळून जात नाही. तो सिलिंडर उघडून आतला रबरी कप काढतो. कप जुना असला तरी त्याच्या पाठीवर माप छापलेले बहुधा शाबूत असते. मग तो व्हर्निअरने भोक मोजतो. तेही मध्यभागी नव्हे, कारण तेथे झीज असते, तर कप जेथवर पोहोचत नाही अशा टोकाशी. शेवटी नळीचे आटे तपासतो आणि डाव्या चाकातला सिलिंडरही उघडून पाहतो. हा शेवटचा कष्ट पुष्कळजण टाळतात, कारण तिकडून तेल गळत नसते. पण गाडी तीन मालकांच्या हातून गेलेली असते. कोणी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविले, कोणी मागचा आस दुसऱ्याच गाडीचा घातला. पाटीवर जी गाडी लिहिली आहे तीच पाटीखाली उभी आहे याची खात्री कोणी द्यावी? जबलपूरची मूळ सूची मिळाली तरी ती मूळ गाडीचीच असावयाची.

माप मिळाल्यावरही नवा सिलिंडर न मिळाला तर एक वाट उरते. लेथवाल्याकडून जुन्याच सिलिंडरात पोलादी बाही बसवून भोक पूर्ववत करून घेणे. काम नाजूक, दर थोडा अधिक, पण अंदाजाने आणलेल्या नव्या भागापेक्षा ते शतपटीने बरे.

“दादा, परवा तर निघायचं आहे,” मालक म्हणतो. “परवा नाही, तेरवा निघा,” मिस्त्री सांगतो, “आणि सामान दुसऱ्या गाडीतून पाठवा.” लेथवाल्याकडून सिलिंडर येतो, दोन्ही बाजूंचे कप एकाच मापाचे घातले जातात, नळ्यांतली हवा काढली जाते. बॉनेट मिटण्यापूर्वी मिस्त्री पांढऱ्या रंगात काडी बुडवून त्याच्या आतल्या अंगावर चार ओळी लिहितो: पुढचे डावे, पुढचे उजवे, माप, तारीख. रंग वाळेपर्यंत बॉनेट उघडेच ठेवावे लागते.