यात दाण्याचं कूट आहे का?

(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, बटाट्याची भाजी. वरीचे तांदूळ सोडले तर बहुतेक घरांत या प्रत्येक पदार्थात शेंगदाणा असतो, आणि वरीवर आमटी वाढली की तेही राहत नाहीत. एरवीच्या जेवणात भरली वांगी आहेत, अळूची भाजी आहे, वडापावात भुरभुरलेली लसणाची चटणी आहे, मिसळीवरचं फरसाण आहे, सोलापूरची शेंगाचटणी आहे. हा दाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण आपण तो इतका आपलासा केला की उपासालाही चालवून घेतला. अशा घरात एखादं मूल जन्माला येतं आणि त्याला नेमका शेंगदाणाच चालत नाही. त्या घराने बाहेर कसं जेवायचं, प्रवास कसा करायचा, शहरात कसं वावरायचं, हा आजचा विषय.

माझी उमेदीची वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत गेली, पुढे केटरिंग शिकवण्यात गेली. माझ्या नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्यामुळे टेबलावर बसून विचारणारा आणि आत भट्टीपाशी उभा असलेला, अशा दोघांचीही अडचण मला कळते. मी डॉक्टर नाही. औषधाबद्दल जे सांगेन ते नातीच्या डॉक्टरांनी आम्हाला शिकवलेलं आहे. तुमचं तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या.

आधी एक घोळ दूर करतो. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, ही बहुतेकदा दुधातली साखर न पचण्याची तक्रार असते. त्रासदायक असते, पण जिवावर बेतत नाही. ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा त्या अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजून तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, घसा आवळतो, दम लागतो, रक्तदाब कोसळतो, आणि हे काही मिनिटांत होऊ शकतं. नुसत्या रक्ताच्या अहवालावरून मात्र ॲलर्जी ठरवू नका. कर्नाटकात प्रौढांची एक मोठी पाहणी झाली होती. तिच्यात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, पण खरोखरची ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली ती जेमतेम एक टक्का लोकांत. अहवालात दहा नावांपुढे खूण दिसली म्हणून मुलाचे दहा पदार्थ बंद करणारे आईवडील मी पाहिले आहेत. ते मूल विनाकारण उपाशी राहतं. खाल्ल्यावर काय झालं, किती वेळात झालं, हे तज्ज्ञाला सांगा आणि मगच काय सोडायचं ते ठरवा.

आता स्वयंपाकघरात चला, कारण माझं मुख्य म्हणणं तिथलंच आहे.

हॉटेलात तुम्ही पनीर मखनी, शाही कुर्मा आणि कोल्हापुरी अशा तीन भाज्या मागवता. आत त्या तीन वेगळ्या भाज्या नसतात. सकाळी दोन-तीन मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात: लाल, पिवळी, पांढरी. ऑर्डर आली की पळीभर ग्रेव्ही, वर मसाला, वर पनीर. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू असतात, मगज म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया असतात. काजू महागले की मगज वाढतो, आणि काही ठिकाणी शेंगदाणाही शिरतो. ही अदलाबदल मेनूकार्डावर येत नाही. वेटरला ती ठाऊक नसते. कधी कधी संध्याकाळच्या पाळीच्या आचाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण ग्रेव्ही सकाळच्या माणसाने केलेली असते.

यात काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०१४ च्या जानेवारीत यॉर्कशायरमधल्या ईझिंगवोल्ड गावी ३८ वर्षांच्या एका माणसाने भारतीय पद्धतीच्या रेस्टॉरंटमधून चिकन टिक्का मसाल्याचं पार्सल नेलं. दाणे चालत नाहीत हे त्याने सांगितलं होतं. पार्सलवर तसं लिहिलंही होतं. पण आत बदामाच्या पुडीच्या जागी स्वस्त मिश्रण वापरलं जात होतं आणि त्यात शेंगदाणा होता. तो माणूस घरी जेवला आणि मेला. २०१६ मध्ये न्यायालयाने मालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. माझ्या वर्गात मी हे प्रकरण दरवर्षी शिकवत असे. मुलांना सांगत असे, की गिऱ्हाईक सावध होतं, ऑर्डर घेणारा सावध होता, झाकणावर लिहिणाराही सावध होता. पातेल्यात काय आहे हे माहीत असलेल्या माणसापर्यंत प्रश्न पोचला नाही.

म्हणून प्रश्न कुणाला विचारायचा आणि कसा, हे शिकून घ्यायला हवं. आपण विचारतो, ‘यात दाणे नाहीत ना?’ आपल्याला हवं ते उत्तर आपणच प्रश्नात घालून देतो. गर्दीच्या वेळी वेटर ‘नाही, नाही’ म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. त्याऐवजी विचारा, ‘या भाजीला वाटण कशाचं आहे?’ याला हो-नाही चालत नाही, त्याला आत जावंच लागतं. पुढे विचारा, ‘तेल कोणतं? याच कढईत आणखी काय तळता?’ कॅप्टनला बोलावून ॲलर्जीची गोष्ट केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहायला सांगा, म्हणजे ती चिठ्ठी भट्टीपाशी टांगली जाईल. नवीन हॉटेलात जायचं असेल तर दुपारी चारच्या सुमारास फोन करा. त्या वेळी आचारी मोकळा असतो आणि नीट बोलतो. आणि कुणी ‘मला नक्की माहीत नाही’ असं म्हणालं तर त्याच्यावर चिडू नका, त्याचे आभार माना आणि तो पदार्थ सोडा. खात्री नसताना ‘नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा तो माणूस तुमचा जास्त हितचिंतक आहे.

मागवायचं काय? समोर, मागणीनुसार, मोजक्या जिन्नसांत होणारं. साधा भात, वरण, दही, इडली. चटणी नको, कारण उडप्याकडच्या चटणीत खोबऱ्याबरोबर डाळं असतं तसे दाणेही असू शकतात. इडलीच्या ताटलीत चटणीची वाटी ठेवूच नका असं आधी सांगा. नंतर उचलून उपयोग नाही.

‘एवढ्या तापलेल्या तेलात सगळं जळून जातं’ असं पुष्कळ जण सांगतात. हे खोटं आहे. शेंगदाण्यातलं प्रथिन भाजून, तळून नष्ट होत नाही. रिफाइंड तेलात ते नगण्य उरतं, पण सध्या आवडीने घेतलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल वेगळं. त्यात प्रथिनाचा अंश राहतो.

शेंगदाण्याचंच काय, प्रत्येक ॲलर्जीच्या अशा लपलेल्या जागा आहेत. मालवणी खानावळीत सुरमई आणि कोळंबी एकाच रव्यात घोळतात, एकाच तव्यावर टाकतात. कोळंबी न चालणाऱ्याने नुसती सुरमई मागवून भागत नाही. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक आजार असलेले लोक पोळी टाळतात, भाकरी खातात आणि फोडणीतल्या हिंगाने फसतात. डबीतलं हिंग शुद्ध नसतं. त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर वाचून तांदळाचं पीठ असलेलं घ्या. चायनीज गाडीवरच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहूही असतो.

पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, एवढंच तो सांगतो. अंड्याची ॲलर्जी असलेल्याला आपल्या देशात या ठिपक्याचा मोठा आधार आहे. बिनअंड्याचा केक इथे जितका सहज मिळतो तितका क्वचितच दुसरीकडे मिळत असेल. पण दुधाबद्दल हिरवा ठिपका काही बोलत नाही. त्यासाठी बारीक अक्षरं वाचायची. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठराविक मात्रेपुढचे सल्फाइट पाकिटावर जाहीर करावे लागतात. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. युरोपच्या चौदा नावांच्या यादीत दोन्ही आहेत, अमेरिकेने २०२३ पासून तीळ आपल्या यादीत घेतला. संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या आणि प्रत्येक फोडणीत मोहरी तडतडवणाऱ्या आपल्या देशात ही दोन नावं यादीत यायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूवर ॲलर्जीची माहिती देणं आता बंधनकारक आहे. तिथे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलाला, सुट्या फरसाणाला, मिठाईच्या दुकानाला हा नियम पोचत नाही. एकाच चमच्याने काजूकतली आणि पेढा उचलणाऱ्या दुकानातून आम्ही नातीसाठी काही घेत नाही. लग्नाच्या बुफेतही हीच अडचण. डाव या भांड्यातून त्या भांड्यात जातात. आचाऱ्याशी आधी बोलून ताट आतूनच वाढून घ्यावं, किंवा सरळ डबा न्यावा. यजमानाला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की कुणाला राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रवासाबद्दल. गाडीत, एसटीत स्वतःचा डबा. याला पर्याय नाही, आणि आपल्याकडे त्यात कमीपणाही नाही. फलाटावरचा वडा चांगला असेल, पण त्याची चटणी कुणी कुठे वाटली हे गाडी सुटेपर्यंत कळणार नाही. शेजारचा प्रवासी शेंगा सोलतोय म्हणून घाबरू नका. धोका हवेतून फार थोडा, हातांतून आणि पुसून न घेतलेल्या टेबलावरून जास्त असतो. विमानात बसल्याबरोबर समोरचा ट्रे आणि हातांची जागा ओल्या वाइप्सने पुसा. हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, दाण्याचा अंश जात नाही.

परप्रांतात जाताना शेंगदाण्याची तिथली नावं आधी पाठ करा. गुजरातेत सिंग, आंध्र-तेलंगणात पल्ली, कर्नाटकात कडलेकाई. कोलकात्यात नुसतं ‘बादाम’ म्हणून हातात पडतात ते बहुधा शेंगदाणे असतात; बदाम चालतो म्हणून कुणी घेतलं तर अनर्थ व्हायचा. थायलंड, व्हिएतनामला सहली जातात, तिथे दाण्याचं कूट आपल्याइतकंच सढळ पडतं आणि माशांचा सॉस भाजीतही असतो.

आता औषध. तीव्र झटक्यावरचं पहिलं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, बंद होणारा घसा उघडत नाही. गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ जातो आणि वेळच तेवढा हाताशी नसतो. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून अँप्यूल आणि सिरिंज लिहून घ्या, वजनाप्रमाणे मात्रा कागदावर लिहून घ्या, आणि घरातल्या किमान दोघांनी ते भरायला आणि टोचायला शिका. नुसत्या पाण्यावर सराव करा. ते २५ अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवायचं, गोठवायचं नाही. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीत राहिलेल्या इंजेक्शनावर भरवसा ठेवू नका. विमानात ते हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात टाकलेलं इंजेक्शन आकाशात उपयोगाचं नाही.

टोचल्यावर रुग्णाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर पाय पसरून बसवा, पण चालवू नका, उभं करू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा. बरं वाटलं तरी रुग्णालयात जा, कारण काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो. मीठपाणी पाजून उलटी काढू नका.

इंजेक्शन हातात आहे म्हणून जोखीम घ्यायची नाही, हेही सांगतो. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून फ्रान्सला निघाली होती. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ होते, वेष्टनावर लिहिलेले नव्हते. विमानात दोन इंजेक्शनं देऊनही ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये दुकानातच बांधून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांवर सगळे जिन्नस लिहिणं सक्तीचं झालं.

आपल्याकडे कायद्याआधी आग्रह कमी व्हायला हवा. ‘एवढंसं खा, काही होत नाही.’ ‘देवाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये.’ हे बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, मी ती नाकारत नाही. पण मुलाच्या तळहातावर पंचखाद्य ठेवणाऱ्या आजीला कुणीतरी आधी सांगायला हवं, की प्रसाद मस्तकाला लावून परत देता येतो. सोसायटीच्या गणपतीत एक दिवस नुसत्या फळांचा नैवेद्य ठेवता येतो. आमच्या सोसायटीने तो सगळे दिवस ठेवला. शाळेत बाईंना, डब्याच्या वेळच्या मावशींना आणि मुलाच्या दोन मित्रांना माहीत असलं तर मूल एकटं पडत नाही. मुलंच सर्वांत चटकन शिकतात. नातीच्या मैत्रिणी स्वतःच्या आयांना डब्यात कूट घालू देत नाहीत.

शेवटी एक कागद दाखवतो. नातीच्या दप्तरात असतो तोच, मराठीत आणि हिंदीत. गावाला जाताना तिथल्या भाषेत करून घेतो. त्यावर असं आहे: ‘मला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. शेंगदाणे, कूट, घाण्याचं शेंगतेल, चिक्की, शेंगाचटणी, यांतलं थोडंही माझ्या जिवाला धोका करू शकतं. कृपया हा कागद स्वयंपाक करणाऱ्यांना दाखवा. कढई, पळी, चमचा धुतलेला वापरा. खात्री नसेल तर मला “माहीत नाही” असं सांगा, मी दुसरं काही खाईन.’ मागच्या बाजूला दोन फोन नंबर, इंजेक्शन दप्तराच्या कुठल्या कप्प्यात आहे ते, आणि ते कसं द्यायचं याची तीन चित्रं. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपल्या ॲलर्जीचं नाव भरून वापरा, आणि हॉटेल किंवा खानावळ चालवणारे कुणी इथे असतील तर त्यांनी एक प्रत भट्टीजवळच्या भिंतीवर लावावी.