शिशाच्या सैनिकांचे धैर्य

मेजावर मांडलेल्या शिशाच्या सैनिकांना भीती ठाऊक नसते. ती त्यांच्या ठायी नियमांनीच आणावी लागते. 1913 साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा लढाईच्या खेळाचे नियम दिले. त्यांत तोफा होत्या, हातघाई होती. पण भिऊन पळण्याचा नियम नव्हता.

रणांगणावर मात्र पुष्कळदा तलवारीआधी मन हरते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला, असे सांगतात.

हेच सत्य ‘वॉरहॅमर’ या ब्रिटिश खेळाच्या अनेक आवृत्त्यांत फाशांनी मांडले आहे. समजा, तुकडीच्या धैर्याचा अंक 7 आहे आणि ती चकमकीत 2 गुणांनी हरली. आता दोन फाशांची बेरीज 5 किंवा कमी आली, तरच ती टिकते. 36 पैकी असे डाव 10. पण 9 अंकांचा सेनापती 12 इंचांच्या आत असेल, तर त्याचा अंक तिला लाभतो. मग बेरीज 7 पर्यंत चालते आणि अनुकूल डाव 21 होतात.

उत्तम तुकडी पळाली की नवखा खेळाडू फाशांना दोष देतो. वस्तुतः सेनापती कोठे उभा करावा, हे फासे पडण्यापूर्वी त्यानेच ठरवलेले असते. हुकूम क्षणात देता येतो. धीर आधीच पुरवून ठेवावा लागतो.