सल्ल्याचा मोबदला



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. तरीही चांगला वकील घटकाभर कागद पाहून, “दावा लावू नका, बांधाचं भांडण घरीच मिटवा,” असं सांगतो, तेव्हा त्याची फी आपण देतो. ती त्या घटकेची नसते. वाचलेल्या हेलपाट्यांची असते. मोठमोठ्या कंपन्या जनसंपर्क सल्लागाराला भलीमोठी रक्कम देतात, तिचे समर्थनही याच न्यायाने केले जाते. ते कितपत खरे आहे?

या धंद्याच्या आद्य पुरुषांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील आयव्ही ली. १९०६ साली तो पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे काम पाहत होता. अपघात झाला की बातमी दडपायची, ही त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची रीत. त्या वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पुलावरून डबे पाण्यात कोसळले, ५० हून अधिक माणसं दगावली. लीने काही न लपवता कंपनीचे निवेदन वृत्तपत्रांकडे धाडले. लोकांना हकीकत कळली. असा सल्ला महाग पडला तरी परवडतो.

पण पुढे ऐका. एप्रिल १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर सशस्त्र हल्ला झाला. तंबू पेटले, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात २ बायका व ११ मुलं मेली. तिथल्या प्रमुख खाण कंपनीत रॉकफेलर घराण्याचा मोठा हिस्सा होता. रॉकफेलरांनी महिना १००० डॉलरवर लीला नेमले. त्याच्या पत्रकांत कामगारपुढाऱ्यांचे पगार भलतेच फुगवून छापले गेले. मालकांनी दिलेली माहिती खरी आहे का, हे तुम्ही तपासलंत काय, असे चौकशी आयोगाने विचारले. मुळीच नाही, असे त्याला सांगावे लागले.

माणूस तोच, हुशारीही तीच. तेव्हा फी मोठी की लहान, हा प्रश्नच नव्हे. ती कशाची, हा प्रश्न आहे. मालकाला कटू सत्य ऐकवण्याची असेल, तर समाजाचेही भले होते. मालकाचे म्हणणे लोकांच्या गळी उतरवण्याची असेल, तर तिची खरी किंमत लोकच भरतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या धरणाचा किंवा कारखान्याचा माणूस माहितीपत्रक घेऊन गावात आला, तर त्याला जरूर बसवा, चहा द्या. आणि मग विचारा, “आमचं म्हणणं वरच्या साहेबांना सांगणार ना? उत्तर घेऊन कधी येता?” त्याच्या जबाबावरून त्याची पारख होईल.