वर्ध्याहून लिहिलेलीं दोन पत्रें

वर्धा जिल्ह्यांतील तळेगांव (श्यामजी पंत) हें आष्टीच्या शेजारचें गांव. फॅसिझम ही वस्तु अशा गांवांना परकी वाटावी, हें साहजिक आहे. तथापि तिला एक उत्तर याच जिल्ह्यांतून लिहिलें गेलें.

मूळ इटालियन शब्दाचा अर्थ जुडी, मोळी. एकत्र बांधलेल्या काड्या मोडत नाहींत, ही गोष्ट मराठी मुलेंही ऐकतात. मुसोलिनीनें १९२२ सालीं सत्ता घेतली ती हीच खूण मिरवीत. मात्र त्याच्या मोळींतून काडीला बाहेर पडण्याची मुभा नव्हती.

गांधीजींनीं वर्ध्याहून २३ जुलै १९३९ रोजीं हिटलरला चार ओळींचें पत्र लिहिलें, युद्ध टाळण्याविषयीं. २४ डिसेंबर १९४० चें दुसरें पत्र सविस्तर होतें. त्यांत पोलंड, डेन्मार्क यांवरील आक्रमणाचा निषेध होता आणि ब्रिटिश साम्राज्याशीं असलेला विरोधही लपविलेला नव्हता. लुटणाऱ्याला लुटल्या जाणाऱ्याचें थोडें तरी सहकार्य, खुषीचें वा नाइलाजाचें, लागतेंच, हा त्यांतील गाभा. शिवाय एक इशारा होता: हीच पद्धत अधिक सुधारून कोणी तरी हिटलरला त्याच्याच शस्त्रानें हरवील. सरकारनें दोन्ही पत्रें पुढें जाऊं दिलीं नाहींत.

पुढें १६ ऑगस्ट १९४२ रोजीं आष्टीचा जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबारांत माणसें पडलीं. जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले, आणि हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्याच दिवशीं चांदा जिल्ह्यांत चिमूरलाही उठाव झाला. तो मोडतांना तेथील स्त्रियांवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. तिची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनीं उपोषण मांडलें, तें ६३ दिवस चाललें. फॅसिझमशीं लढणाऱ्या सरकारनें या उपोषणाची बातमीच छापूं दिली नाहीं! तेव्हां ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील पुष्कळ वृत्तपत्रांनीं अंकच काढला नाहीं. ज्यांना चिमूर ठाऊक नव्हतें, तेही त्या दिवशीं विचारूं लागले. १२ जानेवारीस तडजोड होऊन उपोषण सुटलें.

१९७५ च्या आणीबाणीला सरळ फॅसिझम म्हणणें घाईचें होईल. पण वृत्तपत्रांवर बंधनें तेव्हांही आलीं आणि माणसें चौकशीवांचून तुरुंगांत गेलीं. त्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठीं उभें राहून प्रार्थना करण्यास सांगितलें. व्यासपीठावर केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. सभा उठून उभी राहिली.