बळी तो कान पिळी? टांगानिका सरोवराची साक्ष



उत्क्रांतीचा विषय निघाला की 'बळी तो कान पिळी' ही म्हण हमखास पुढे येते. निसर्ग एकाच वाणाला सरस ठरवतो आणि बाकीच्यांना निकालात काढतो, अशी आपली समजूत. ती अपुरी आहे, असे मला आज मांडायचे आहे, आणि माझा साक्षीदार आहे पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला वीतभरही न भरणारा मासा, पेरिसोडस मायक्रोलेपिस. आपल्या धरणांत स्थिरावलेल्या तिलापियाच्याच सिक्लिड कुळातला हा मासा इतर माशांचे खवले ओरबाडून पोट भरतो. तो मागून येतो, कुशीवर झडप घालतो आणि खवले घेऊन पसार होतो. अनेकदा त्याचे तोंड सरळ नसते. काहींचे उजवीकडे वळलेले असते, काहींचे डावीकडे. उजव्या तोंडाचा मासा भक्ष्याच्या डाव्या कुशीवर तुटून पडतो, डाव्या तोंडाचा उजव्या कुशीवर.

यांतला सरस कोण? जपानी शास्त्रज्ञ मिचिओ होरी यांनी दशकभराच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध 1993 साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसले की दोन्ही प्रकारांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खालीवर होत राहते. कायमचे वरचढ कोणीच होत नाही. त्यांची उपपत्ती अशी: उजव्या तोंडाचे मासे वाढले की भक्ष्य डावी बाजू अधिक जपू लागते, उजवी उघडी पडते आणि अल्पसंख्य डाव्यांचे फावते. ते वाढले की पारडे फिरते. म्हणजे सरसपणा अंगभूत नाही, तो संख्येवर ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे चढउतार निव्वळ योगायोगाचे असतील. पण योगायोगाला मध्याकडे परतण्याची ओढ नसते. शिवाय पिल्लांची राखण करणाऱ्या जोडप्यांत त्या त्या वेळी अल्पसंख्य असलेला प्रकारच अधिक आढळला, म्हणजे लाभ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत होता. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नंतरच्या मोजमापांत तोंडांचे दोन स्वच्छ गट पडले नाहीत. जवळजवळ सरळ तोंडाचेही बरेच मासे निघाले, आणि अनुभवाने डावे-उजवेपण पक्के होते असेही दिसले. त्यामुळे तोंडाची बाजू एकच जनुक ठरवतो, हा सोपा हिशेब डळमळतो, हे मान्य केले पाहिजे. पण माझ्या मुद्द्याला तेवढ्या काटेकोर विभागणीची गरज नाही. कल काही अंशी आनुवंशिक असला आणि विरळ बाजूला लाभ मिळत असला, तरी माझा मुद्दा टिकतो.

आता कोणी म्हणेल, निसर्गालाच समतोल प्रिय आहे. तसेही नाही. प्रत्येक मासा आपल्याच पोटाचे पाहतो. समतोल हा त्या स्वार्थांच्या झटापटीतून पडणारा हिशेब आहे. निवड जशी एकाला पुढे आणते, तशी कधी दोघांनाही राखते. म्हणून एखादा प्रकार आज मूठभर उरला म्हणजे तो नालायक ठरला, असा निष्कर्ष काढण्याआधी एवढे तपासावे, की विरळ असणे हेच त्याचे बळ तर नाही ना?