इंग्रजी शिकताना ‘पासून’ची अडचण

इंग्रजी शिकणारे आपले विद्यार्थी नेहमी विचारतात : ‘सिन्स’ कोठे वापरावे आणि ‘फॉर’ कोठे? मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो, तसेच ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. ‘पासून’ हे एकच शब्दयोगी अव्यय दोन्ही ठिकाणी चालते. इंग्रजीत मात्र आरंभाची वेळ सांगावयाची असल्यास ‘सिन्स मंडे’ आणि कालावधी सांगावयाचा असल्यास ‘फॉर फाइव्ह इयर्स’ असे म्हणतात.

दुसरा पेच क्रियापदाचा. ‘मी येथे पाच वर्षांपासून राहतो’ यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो; इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ह्ड’ असे पूर्ण वर्तमानकाळाचे रूप लागते. नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ असे लिहिले गेले, की गुणी उमेदवाराविषयीही वाचणाऱ्याचे मत प्रतिकूल होण्याचा संभव असतो.

वस्तुतः हा विद्यार्थी मराठीचा नियम निष्ठेने पाळत असतो. त्याला हसण्याऐवजी शिक्षकांनी दोन्ही भाषांची वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून भेद दाखवावा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. स्वभाषेच्या व्याकरणाचा तो वारसा जपला, तर परभाषेची वाटही सुकर होईल.