मोटारीच्या रंगाची झळाळी

पावसाळ्यांत खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास आलेली मोटार चिखलानें माखलेली असते. चिखल वाळला, कीं मालक कोरड्या फडक्यानें ती पुसतो, आणि फडक्याखालचे मातीचे कण रंगावर कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे उमटवितात. रंग निस्तेज होतो. बहुतेक ओरखडे रस्त्यामुळें नव्हे, मालकाच्या कौतुकामुळेंच पडतात!

अशा गाडीवर यंत्रानें पॉलिश करण्यास शिकणाऱ्या मुलाची समजूत असते, कीं पॉलिशनें ओरखडा बुजतो. वास्तविक तो बुजत नाहीं. भोंवतालचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. आजच्या मोटारींवरील हा पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात, बहुधा ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. तो संपला, कीं पुन्हां रंग देण्यावांचून गत्यंतर नाहीं.

यास्तव शिकणाराच्या हातीं प्रथम भंगारांतलें बोनेट द्यावें. पुढें खरी गाडी आली, कीं ती आधीं भरपूर पाण्यानें धुवावी. ओरखड्यावरून नख आडवें फिरवावें. तें अडकलें, तर तेथें यंत्राचा हट्ट धरूं नये. कडांवर रंग आणखी पातळ असतो. त्यांवर कागदी चिकटपट्टी लावावी. मऊ स्पंज व बारीक पॉलिश घेऊन वीतभर जागेवर परीक्षा पाहावी. तेवढ्यानें न भागल्यासच कंपाउंड घ्यावें. यंत्र एका जागीं रेंगाळलें, तर उष्णतेनें रंग जळूं शकतो.

शेवटीं गाडी उन्हांत काढून तिरप्या नजरेनें न्याहाळावी. जाळें विरलें असल्यास, उरलेले एक-दोन खोल ओरखडे खुशाल राहूं द्यावेत.